वृद्धांवर पोलिसी बळ: मानवी हक्क आयोगाकडचा अर्ज कुठे अडतो

आजोबांना पोलिसांनी ढकलले, आजींचा हात पिरगाळला, तर महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते. फी नाही, वकिलाची सक्ती नाही, अर्ज मराठीत चालतो. पीडिताच्या वतीने मुलगा, सून, शेजारी कुणीही करू शकतो. तरी अर्ज फेटाळले जातात.

आधी मुदत. एक वर्ष, तेही घटनेच्या दिवसापासून. डिस्चार्ज मिळाला त्या दिवसापासून नाही आणि पोलीस अधीक्षकांकडे केलेल्या तक्रारीचे उत्तर आले तेव्हापासून तर नाहीच. "चौकशी चालू आहे, या पुढच्या महिन्यात" हे ऐकत माणसे भाबडेपणाने वर्ष घालवतात. त्या उत्तराची वाट पाहू नका.

दुसरी अडचण मजकुराची. "अमानुष मारहाण केली" एवढ्याने काही सिद्ध होत नाही. बळ गरजेपेक्षा जास्त होते का, हे ते कोणावर वापरले त्यावर ठरते. पळून जाऊ नये इतपतच बंधन घाला, असे कायदा अटकेबाबत सांगतो. वॉकरवर चालणारा माणूस पळणार कुठे? पण तो वॉकरवर चालतो हे कागदावर दिसायला हवे. म्हणून घटनेच्या आधीचे कागद शोधा: गुडघ्याच्या ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड, दम्याचे जुने केसपेपर, दिव्यांग प्रमाणपत्र. पोलिसांना हे दिसत होते की कुणी सांगितले होते, तेही लिहा.

अटक झाली असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचे) कलम ३५(७) बघा. १ जुलै २०२४ पासून ते लागू आहे. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीच्या पुढच्या किंवा अशक्त माणसाला उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक करता येत नाही. इथे वयाचा दाखला मागतात आणि शाळेची पायरी न चढलेल्या आजींकडे तो नसतोच. आधारवर नुसते जन्मसाल असते किंवा अंदाजाने टाकलेली १ जानेवारी. त्यावर वाद झालाच तर कलमातला "किंवा" लक्षात ठेवा. वय सिद्ध होत नसेल तर अशक्तपणाचे वैद्यकीय कागद पुढे करा.

आता जखमेचा कागद. बहुतेक लोक ओळखीच्या डॉक्टरकडे मलमपट्टी करून घरी येतात. सरकारी रुग्णालयात जाऊन एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे कायदेशीर प्रकरण म्हणून जखमेची नोंद) नोंदवून घ्या. पोलिसांच्या धास्तीने "घरात घसरून पडले" असे सांगू नका; केसपेपरवरची ती एक ओळ पुढे सगळी तक्रार बुडवते. अटकेनंतर झालेल्या वैद्यकीय तपासणीची प्रत मिळणे हा हक्क आहे, उपकार नव्हे. म्हाताऱ्या हाडांना एक धक्का पुरतो, आणि हाड मोडले की कायद्याने ती गंभीर दुखापत ठरते, मग पोलीस "नुसते बाजूला केले" म्हणोत.

पोलीस ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण १८ महिने जपावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. प्रत्यक्षात "कॅमेरा बंद होता" हे उत्तर तयार असते. ते येण्याआधीच चित्रण राखून ठेवण्याची लेखी मागणी करा, दिवस आणि अंदाजे वेळ लिहा, पोच घ्या.

दिल्लीच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे आणि मुंबईच्या राज्य आयोगाकडे एकाच वेळी अर्ज टाकू नका; एकीकडे प्रकरण चालू असले की दुसरीकडे बंद होते. पोलिसांनी उलट तुमच्यावरच गुन्हा नोंदवला असेल, तर "सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा रद्द करा" ही मागणीही इथे नको. त्यासाठी उच्च न्यायालय आहे. आयोग भरपाईची आणि कारवाईची शिफारस करतो, तेवढेच मागा.