अमोनाइट उचलण्याआधी थर बघा

अमोनाइट, म्हणजे जुन्या समुद्री प्राण्याच्या गोल शंखाचा जीवाश्म, दिसला की हात आधी त्या वेटोळ्याकडेच जातो, साहजिक आहे, असतोच तो तसा देखणा. पण मी म्हणेन थांबा, आधी तो ज्या थरात रुतलाय त्याचा फोटो काढा, वहीत लिहा, मग छिन्नी लावा. आणि जागेवर गोळा करायला परवानगी आहे ना, तेही आधीच विचारून घ्या.

हे प्राणी म्हणजे ऑक्टोपस आणि माकुळाचे शंखात राहणारे नातेवाईक, ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर गेले त्याच सुमारास हेही संपले. त्यांच्या जाती भराभर बदलायच्या आणि समुद्रातून लांबवर पसरायच्या, त्यामुळे कुठली जात सापडली त्यावरून खडकाचं वय कळतं. आल्बर्ट ओपेल या जर्मन संशोधकाने १८५० च्या दशकात ज्युरासिक खडकांची अशीच विभागणी केली होती. पण कुठला थर हेच माहीत नसेल तर त्या नमुन्यावरून पुढचं काही जुळवता येत नाही. उतारावरून घरंगळून आलेला असेल तर तसंच लिहा, 'सुटा सापडला', अंदाजाने थर ठोकू नका.

आता भिंग घ्या. वरचं कवच गेलं असेल तर आतल्या दगडी साच्यावर कातरलेल्या पानाच्या कडेसारख्या रेघा दिसतात, लोकांना ती वरची नक्षी वाटते पण कप्प्यांच्या भिंती आतून कवचाला जिथे चिकटलेल्या होत्या त्या ह्या जागा. शेवटची रेघ संपली की पुढचा मोकळा भाग प्राण्याचं घर, मागचे कप्पे तरंगण्यासाठी. नॉटिलस, म्हणजे आजही समुद्रात असलेला शंखवाला नातेवाईक, त्याच्यात ह्याच रेघा अगदी साध्या, हलक्या वळणाच्या असतात. म्हणून चकाकी आणायला घासत बसू नका, रेघा आणि बरगड्या (शंखावरचे आडवे उंचवटे) गेल्या तर जात ओळखणं फार अवघड होतं.

बंदुकीच्या गोळीसारखा दगड मिळाला तर तोही टाकू नका, तो बेलेम्नाइट, माकुळासारख्याच प्राण्याच्या शरीरातला टणक भाग.

सोनेरी पायराइटचे (लोखंड आणि गंधकाचं खनिज) नमुने मात्र वेगळे, कोरड्या डबीत ठेवा. दमट हवेत पायराइटचं ऑक्सिडेशन होतं, सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं, पांढरट भुकटी धरते, नमुना तडकतो आणि शेजारची कागदी चिठ्ठीसुद्धा जळून जाते. चिठ्ठी गेली की थरही गेला, म्हणून नंबर दगडावरच एका कोपऱ्यात शाईने घाला आणि बाकी सगळं वहीत.