एनकोडेड-वर्ड (ईमेल हेडरमधली मराठी)

एनकोडेड-वर्ड म्हणजे ईमेलच्या हेडरमध्ये, म्हणजे सब्जेक्ट, पाठवणाऱ्याचं नाव, ज्याला पाठवायचं त्याचं नाव असल्या जागी, इंग्रजी सोडून बाकी भाषांची अक्षरं बसवायची ठरलेली पद्धत. आपण मराठीत सब्जेक्ट टाइप करून सेंड दाबतो, पण वाटेत तो बहुतेक वेळा मराठीत नसतोच, =? ने सुरू होऊन ?= ने संपणारी रोमन अक्षरांची लांबलचक माळ असते आणि समोरचा मेल प्रोग्राम ती सोडवून परत मराठी करून दाखवतो. सगळं नीट चाललं तर ही माळ कुणाला कधी दिसत नाही. दिसली की लोकांना वाटतं मेल करप्ट झाला, मग पुढच्या वेळेपासून सब्जेक्ट रोमनमध्ये टाकायची सवय लागते, आणि हे बघून खरंच वाईट वाटतं कारण बहुतेक वेळा त्या माळेत मराठीचा एक कानासुद्धा हरवलेला नसतो.

ही भानगड मुळात का करावी लागली ते बघू. ईमेलच्या हेडरचे नियम १९८२ मध्ये आरएफसी ८२२ मध्ये लिहिले गेले (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले क्रमांकवार कागद) आणि तेव्हा हेडर म्हणजे फक्त आस्की, ७ बिट, एकूण १२८ कोड, त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं एवढंच. पुढे जून १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी माइम आणलं (आरएफसी १३४१), त्याने मेलच्या आतल्या मजकुराची सोय झाली, आणि त्याच्या लगेच पुढच्या नंबरचा १३४२ हा कागद कीथ मूर यांनी हेडरसाठी लिहिला. १९९३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, १५२२ नंबरची, आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये आरएफसी २०४७, जो आजही चालतो. यूटीएफ-८, म्हणजे युनिकोडची अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत, हिचा जन्म सप्टेंबर १९९२ चा आहे, म्हणजे ही पद्धत ठरली तेव्हा जगातल्या सगळ्या लिप्यांना चालेल असं एकच कोडिंग हाताशी नव्हतं, जपानी आयएसओ-२०२२-जेपी वापरायचे, रशियन केओआय८-आर, पश्चिम युरोपवाले आयएसओ-८८५९-१. म्हणून प्रत्येक तुकड्यावर कॅरॅक्टर सेटचं, म्हणजे कुठला कोड कुठल्या अक्षराचा हे ठरवणाऱ्या यादीचं, नाव लिहायचं असं ठरलं.

आपण मराठीवाले त्या काळात फाँटमध्ये अडकलेलो होतो. शिवाजी, कृतिदेव असल्या फाँटमध्ये खाली कोड रोमन अक्षरांचेच असायचे आणि वर फक्त आकार देवनागरीचा. पत्राच्या मजकुराला निदान फाँट लावता यायचा, सब्जेक्टच्या ओळीला तोही लावता येत नाही, त्यामुळे तिथे समोरच्याला नुसती अर्थहीन रोमन अक्षरं दिसायची आणि ती कुठल्या फाँटची हे ओळखायची काही सोय नव्हती. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर देणारी पद्धत, सगळ्यांच्या मशीनवर आली तेव्हाच मराठी सब्जेक्ट खऱ्या अर्थाने शक्य झाला.

रचना सोपी आहे. आधी =? मग कॅरॅक्टर सेटचं नाव, आपल्याकडे यूटीएफ-८, मग प्रश्नचिन्ह, मग एक अक्षर बी किंवा क्यू, परत प्रश्नचिन्ह, मग कोड केलेला मजकूर आणि शेवटी ?=. बी म्हणजे बेस६४. क्यू मध्ये आस्कीबाहेरच्या प्रत्येक बाइटसाठी बरोबरचं चिन्ह आणि दोन हेक्स (० ते ९ आणि ए ते एफ) आकडे येतात आणि स्पेसच्या जागी अंडरस्कोर. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा आणि हलंतसुद्धा यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, म्हणजे ‘म’ क्यू मध्ये =ई०=ए४=एई असा ९ जागा घेतो. फ्रेंच, जर्मनला क्यू बरा, मधे एखादंच अक्षर वेगळं असतं आणि बाकीचं तसंच वाचता येतं. मराठीला बी च घ्यावा.

बेस६४ ३ बाइटचे ४ रोमन अक्षरं करतं आणि आपली अक्षरं नेमकी ३-३ बाइटची, त्यामुळे प्रत्येक देवनागरी अक्षराला बरोबर ४ जागांचं एक घर मिळतं, हे मला ह्या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात सुंदर वाटतं. देवनागरीच्या पहिल्या अर्ध्या भागातल्या अक्षराचं घर ‘४केएस’ ने सुरू होतं आणि दुसऱ्या अर्ध्यातल्याचं ‘४केडब्ल्यू’ ने. गंमत म्हणजे हा सांधा बरोबर दोन वेलांट्यांच्या मधून जातो, ऱ्हस्व वेलांटी अलीकडे, दीर्घ वेलांटी पलीकडे. ‘मराठी’ मध्ये म, र, काना, ठ ही चार घरं पहिल्या प्रकारची आणि शेवटची दीर्घ वेलांटी दुसऱ्या प्रकारची, एकूण २० अक्षरं. एखाद्या माळेत कोड केलेल्या मजकुराच्या सुरुवातीला ‘४केएस’ दिसलं की आत हिंदी, मराठी, नेपाळी असं काहीतरी देवनागरी आहे हे न उघडता कळतं. ‘दर्‍या’ असं लिहिताना मधे जो न दिसणारा जोडक टाकतात तोही ३ बाइटचाच, त्यामुळे घरं हलत नाहीत. स्पेस मात्र १ बाइटची, ती आली की पुढची सगळी घरं सरकतात आणि नुसत्या डोळ्याने ओळखणं अवघड होतं.

खरा त्रास लांबीचा. एक एनकोडेड-वर्ड ७५ जागांपेक्षा मोठा चालत नाही आणि तो ज्या ओळीत आहे ती ओळ ७६ च्या वर जाता कामा नये. उदाहरणार्थ सब्जेक्ट घ्या ‘शनिवारच्या सभेची सूचना’. ओळीच्या सुरुवातीला इंग्रजीत सब्जेक्ट हा शब्द, कोलन आणि स्पेस मिळून ९ जागा गेल्या, उरल्या ६७, त्यातून सुरुवातीची-शेवटची चिन्हं आणि नावं यांच्या १२ गेल्या, उरल्या ५५, चारच्या हिशोबात ५२, म्हणजे ३९ बाइट. ‘शनिवारच्या’ चे ३०, स्पेसचा १, ‘सभ’ चे ६ असे ३७ झाले आणि पुढची मात्रा घेतली तर ४० होतात, बसत नाही. म्हणून ‘सभ’ पहिल्या तुकड्यात राहतो आणि त्याची मात्रा दुसऱ्या तुकड्यात जाते. नियमात हे चालतं, कारण लागून आलेल्या दोन एनकोडेड-वर्डमधली स्पेस आणि नवी ओळ डीकोड करताना टाकून द्यायची असते. ज्या प्रोग्रामने ती टाकली नाही तिथे ‘सभ ◌ेची’ असं दिसतं, मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली. आणि पाठवणाऱ्या प्रोग्रामने अक्षर न बघता नुसते ३९ बाइट मोजून कापलं तर मात्रेचे २ बाइट इकडे आणि १ तिकडे, मग काळ्या चौकोनातली प्रश्नचिन्हं येतात. एका कॅरॅक्टरचे बाइट दोन तुकड्यांत विभागायचे नाहीत असं आरएफसी २०४७ मध्ये स्पष्ट लिहिलंय, तरी असं कापणारा कोड सापडतो कारण इंग्रजीत टेस्ट करणाऱ्याला ते कधी दिसतच नाही. डीकोडर समजूतदार असेल तर आधी शेजारच्या तुकड्यांचे बाइट जोडतो आणि मग अक्षरं काढतो, त्यामुळे असं चुकीचं कापलेलंही वाचतं.

बिघाड कुठे झाला ते दिसण्यावरून ओळखता येतं. पूर्ण माळच दिसतेय म्हणजे डीकोडच झालं नाही किंवा दोनदा एनकोड झालं किंवा माळ अवतरणचिन्हांच्या आत टाकलीय, अवतरणात ती चालत नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ए आणि त्याच्या शेजारी चार पाय फुटलेलं गोल, अशी जोडी सारखी सारखी दिसली तर ते यूटीएफ-८ मराठीच आहे, फक्त विंडोज-१२५२ (पश्चिम युरोपातल्या भाषांचा कॅरॅक्टर सेट) समजून वाचलंय, बहुतेक वेळा परत आणता येतं. नुसती साधी प्रश्नचिन्हं असतील तर मजकूर गेला, कुठल्यातरी टप्प्यावर आस्कीत कोंबला, पाठवणाऱ्याकडे परत मागण्याशिवाय उपाय नाही.

अटॅचमेंटच्या फाइलच्या नावाचा नियम वेगळा, १९९७ चा आरएफसी २२३१, त्यात टक्क्याचं चिन्ह वापरतात आणि लांब नावाचे क्रमांक घालून तुकडे करतात. काही प्रोग्राम तिथेही एनकोडेड-वर्डच घालतात, नियमात बसत नाही पण इतकं पसरलंय की घेणाऱ्याला दोन्ही समजावं लागतं. डीकोड केल्यावर तपासणंही गरजेचं, कारण माळेत नवी ओळ किंवा शून्य बाइट लपवता येतो, २०१७ च्या डिसेंबरमध्ये सुरक्षा संशोधक साब्री हद्दूश यांनी ‘मेलस्प्लॉइट’ नावाने दाखवलं की पाठवणाऱ्याच्या नावात असं काही घुसवून बरेच मेल प्रोग्राम फसवता येतात.

एनकोडेड-वर्ड नावापुरता चालतो, खुद्द पत्त्यात, म्हणजे ॲटच्या अलीकडे पलीकडे, तो वापरायला मनाई आहे. म्हणून देवनागरीत पूर्ण पत्ता हवा असेल तर २०१२ चे आरएफसी ६५३१ आणि ६५३२ लागतात, त्यात हेडरमध्ये यूटीएफ-८ सरळ जातं, माळ वगैरे काही नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये .भारत हे देवनागरी डोमेन सुरू झालं आणि जीमेलनेही त्याच महिन्यात असे पत्ते ओळखायला सुरुवात केली. पण वाटेतल्या एखाद्या सर्व्हरला ही सोय नसेल तर मेल पुढे न जाता परत येतो, त्यामुळे पत्ता रोमन असलेल्या साध्या मेलमध्ये मराठी सब्जेक्ट अजूनही एनकोडेड-वर्डमधूनच पाठवला जातो.