एमसीबीला न दिसणारी उष्णता

व्यापारी इमारतीच्या वायरिंगमध्ये सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे टर्मिनलचा स्क्रू. मुख्य पॅनेलपासून प्रत्येक मजल्यावरील वितरण-पेटीपर्यंत आणि तेथून शेवटच्या सॉकेटपर्यंत असे शेकडो स्क्रू तारा घट्ट धरून असतात. त्यांतला एखादा सैल पडला, की आगीची पूर्वतयारी तेथे सुरू होते आणि ती कित्येक महिने कोणाच्या लक्षातही येत नाही.

चांगल्या जोडाचा रोध एका ओहमच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. विद्युतप्रवाहामुळे निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाचा वर्ग आणि रोध यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, हा नियम जेम्स ज्यूल यांनी 1841 मध्ये प्रसिद्ध केला. अशा जोडातून 40 अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर तेथे जेमतेम दीड वॅट उष्णता निर्माण होते. तोच जोड सैल होऊन त्याचा रोध 0.05 ओहमवर गेला, की हा आकडा 80 वॅटवर पोहोचतो. पॅनेलच्या आत कोणी सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून निघून जावे, तशी ही अवस्था असते. एवढे होऊनही व्होल्टेज फक्त दोन व्होल्टने घटते. 230 व्होल्टमधले दोन व्होल्ट कमी झाल्याने ना दिवे मंदावतात, ना संगणक बंद पडतात.

प्रवाह प्रमाणाबाहेर गेल्यास वीज तोडणाऱ्या स्वयंचलित स्विचला, म्हणजे एमसीबीलाही, यातले काही कळत नाही. त्याच्या आत जादा भार ओळखणारी द्विधातू पट्टी आणि शॉर्टसर्किटचा प्रचंड प्रवाह ओळखणारे वेटोळे असते. दोन्हींचे लक्ष केवळ प्रवाहावर. सैल जोडामुळे प्रवाह वाढत नाही, झालाच तर किंचित कमी होतो. त्यामुळे 63 अँपिअरचा एमसीबी 40 अँपिअरला स्वस्थ बसून राहतो, आणि त्यात त्याचा काहीच दोष नाही. सामान्य पीव्हीसी वेष्टन सतत 70 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते. त्यापुढे ते ठिसूळ होते, काळवंडते आणि शेवटी वितळते. मग उघड्या तारा एकमेकींना टेकतात आणि एमसीबी पडतो. आगीनंतर शॉर्टसर्किटच्या खुणा सापडतात खऱ्या, पण पुष्कळदा ते या घटनाक्रमाचे शेवटचे टोक असते.

तांब्याच्या सैल जोडात आणखी एक घातक गोष्ट घडते. उष्णतेमुळे तांब्यावर क्युप्रस ऑक्साइडचा थर साचतो आणि या पदार्थाचा रोध तापल्यावर कमी होत जातो. साहजिकच सर्वांत तप्त रेषेतूनच प्रवाह धाव घेतो, ती रेषा अधिक तापते, आणि अखेरीस टर्मिनलवर एक हजार अंशांहून तप्त असा लालभडक ठिपका स्थिरावतो. ॲल्युमिनियमची तऱ्हा वेगळी आहे. स्क्रूच्या दाबाखाली हा मऊ धातू हळूहळू पसरतो आणि दाब ओसरतो. शिवाय त्याच्यावरील ऑक्साइड विद्युतरोधक असते. म्हणून ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या पट्टीला जोडताना द्विधातू लग, म्हणजे दोन धातूंची जोडटोके, वापरावे लागतात. स्क्रू आवळतानाही हाताच्या अंदाजावर विसंबू नये. उत्पादकाने न्यूटन-मीटरमध्ये दिलेल्या मूल्याला टॉर्क-पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) लावावा, कारण अति आवळल्यानेही तार चेचली जाते.

न्यूट्रलचा, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या तारेचा, प्रश्न खास कार्यालयांचा म्हणावा लागेल. तीन फेजवरील, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांवरील, भार समान असेल, तर त्यांचे प्रवाह न्यूट्रलमध्ये परस्परांना रद्द करतात, या हिशेबाने अनेक जुन्या इमारतींत न्यूट्रलची तार फेजच्या निम्म्या जाडीची टाकलेली असते. संगणक, एलईडी दिवे आणि सर्व्हर मात्र विजेच्या लहरीचा फक्त माथा ओरबाडून घेतात. त्यातून उपजणारे तिसऱ्या गुणकाचे, म्हणजे 50 हर्ट्झच्या पुरवठ्यात 150 हर्ट्झचे, प्रवाह रद्द न होता एकमेकांत मिसळतात. वाईटात वाईट परिस्थितीत न्यूट्रलमधला प्रवाह फेजच्या सुमारे 1.7 पट होऊ शकतो, आणि नेमक्या याच तारेवर बहुधा एमसीबी नसतो. जुन्या इमारतीत नवे कार्यालय थाटताना न्यूट्रलवर क्लॅम्प-मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारे यंत्र) लावून पाहणे, ही माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी तपासणी आहे.

तापलेले जोड शोधण्याचे उत्तम साधन म्हणजे थर्मल कॅमेरा. मात्र पुष्कळ ठिकाणी ही तपासणी सोयीसाठी सुट्टीच्या दिवशी उरकली जाते आणि तिचा अर्थच निघून जातो. भार निम्मा असेल, तर तापमानवाढ साधारण एक चतुर्थांशच होते. पूर्ण भारावर 40 अंशांनी तापणारा जोड त्या दिवशी दहाच अंश जास्त दाखवतो आणि अहवालात ‘ठीक’ म्हणून नोंदला जातो. चकचकीत तांब्याची पट्टीही फसवते, कारण ती अवरक्त किरण फारच कमी बाहेर टाकते. त्यामुळे शेजारच्या वेष्टनाचे तापमान पाहावे किंवा वीज बंद असताना पट्टीवर आधीच योग्य चिकटपट्टी लावून ठेवावी.

काही दोष मात्र उपकरणांना ओळखता येतात. 300 मिलिअँपिअरची गळती हेरणारा आरसीडी ओलसर किंवा उंदरांनी कुरतडलेल्या वेष्टनातून जमिनीकडे झिरपणारा प्रवाह तोडतो. 230 व्होल्टला एवढ्या गळतीतून सुमारे 70 वॅट उष्णता निघते. ठिणग्यांमुळे प्रवाहात उमटणारी खरखर ओळखणाऱ्या एएफडीडी या उपकरणासाठी आंतरराष्ट्रीय मानक 2013 मध्ये आले. ठिणगी न उडवता नुसता धगधगणारा जोड मात्र त्याच्याही नजरेतून सुटू शकतो.

इतके करूनही आग लागलीच, तर ती किती पसरेल हे बरेचसे केबलच्या उभ्या शाफ्टवर ठरते. प्रत्येक मजल्याच्या स्लॅबमधील भोक अग्निरोधक सामग्रीने बुजवलेले नसेल, तर हा शाफ्ट धुराडे बनतो. ते बुजवले जाते इमारत बांधताना. पुढे दर नव्या डेटा-केबलसाठी कोणीतरी ते फोडतो आणि पुन्हा बुजवणे कोणाच्याच कंत्राटात नसते. नव्या केबलचे बिल मंजूर करण्यापूर्वी त्या भोकाचे छायाचित्र मागण्याचा नियम केला, तर ही पळवाट बंद होते.