ली-एनफिल्ड रायफलीची नळी बदलणे

झिजलेली जुनी नळी (बॅरल) काढून रायफलीच्या मूळ बॉडीवर (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो धातूचा भाग) दुसरी चढवण्याचे काम. आपल्याकडे 'थ्री-नॉट-थ्री' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलीच्या बाबतीत हे काम लष्करी आर्मरर (शस्त्रदुरुस्ती करणारे कारागीर) नेहमीच करत. जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांपुढे आणि नेमबाजांपुढे हा प्रश्न आजही येतो.

नळी गोळीच्या घासण्याने झिजते असा समज आहे, पण खरा शत्रू आग. १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलीच्या नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या उथळ, गोलसर खाचा होत्या. काळ्या दारूला त्या चालल्या. पुढे कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली. त्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन असे, ज्वाला फार तापट, आणि त्या खाचा भराभर जळून गेल्या. म्हणून एनफिल्डच्या सरकारी कारखान्याने पाच खोल, चौकोनी कडांच्या, डावा पीळ असलेल्या खाचा काढल्या. १८९५ मध्ये त्याच नळीची रायफल ली-एनफिल्ड म्हणून दाखल झाली. नंतर कॉर्डाइटमधले नायट्रोग्लिसरीनही ३० टक्क्यांवर आणले गेले.

दुसरा शत्रू मीठ. जुन्या काडतुसांच्या कॅपमधील (दारू पेटवणाऱ्या टोपीतील) पोटॅशियम क्लोरेट जळून नळीत क्षार उरतो. तो हवेतला ओलावा ओढतो आणि गंज धरतो. नुसत्या तेलाने तो विरघळत नाही. त्यामुळे गोळीबारानंतर नरसाळे लावून नळीतून उकळते पाणी सोडण्याची रीत पडली. पुण्याजवळच्या खडकी कारखान्याची 'केएफ' शिक्क्याची जुनी काडतुसे परदेशांतही सापडतात. ती वापरणाऱ्याने हे पाणी टाळू नये. तिसरे कारण मात्र सफाईच! पुल-थ्रूची (नळीतून चिंधी ओढून सफाई करण्याच्या साधनाची) दोरी रोज एकाच बाजूने ओढली की नळीचे तोंड लंबगोल होते.

तोंडाची झीज ढोबळमानाने पाहायची तर डमी काडतूस गोळीच्या बाजूने तोंडात घालतात. गोळी अडली तर ठीक. पितळी केसापर्यंत सरळ आत गेली तर तोंड झिजले. पक्का निर्णय मात्र गेजनेच (ठरावीक मापाच्या तपासणी-साधनाने) होतो.

जुनी नळी दशकानुदशके आट्यांत बसलेली असते. नळी शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळून बॉडीला नेमक्या मापाचा पाना लावावा लागतो. ढिल्या पान्याने बॉडी पिळवटली, तर रायफलच गेली. नवी नळी हाताने फिरवल्यावर अंतिम खुणेच्या थोडी अलीकडे थांबायला हवी, उरलेला फेरा पान्याने घ्यायचा. खूण ओलांडली तर पुढची माशी (नेम धरायचा खुंट) कलंडते.

यानंतर हेडस्पेस, म्हणजे बोल्टचे (काडतूस मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याचे) डोके आणि नळीचे मागचे टोक यांमधली जागा. .३०३ काडतूस कडेच्या, म्हणजे रिमच्या आधाराने बसते, म्हणून हे माप रिमसाठी असते. ०.०६४ इंची गेजवर बोल्ट मिटला पाहिजे आणि ०.०७४ इंचीवर मिटता कामा नये. ली-एनफिल्डच्या नंतरच्या नंबर ४ नमुन्यासाठी ० ते ३ आकडे घातलेली, वेगवेगळ्या लांबीची बोल्टची डोकी असत. आधीच्या नमुन्यात ही सोय नव्हती, तिथे कानस चालवावी लागे.

लाकडाकडे लोक दुर्लक्ष करतात. लष्करी एनफिल्डची नळी जवळजवळ तोंडापर्यंत लाकडात असते, आणि नवी नळी जुन्या जागी टेकेलच असे नाही. लाकूड पुन्हा बसवले नाही तर कोऱ्या नळीनेही गोळ्या विखुरतात.

ब्रिटनमध्ये अशी रायफल विकण्यापूर्वी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमधून पुन्हा दाबचाचणी करून घ्यावी लागते. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याने व्यवसाय म्हणून शस्त्रदुरुस्ती करण्यासही परवाना लागतो.

संग्राहकांचे गणित वेगळे. बॉडी, बोल्ट आणि नळी यांवर एकच क्रमांक असेल तर तो जुळलेला संच मोलाचा धरतात. नळी बदलली की तो मोडतो. जी रायफल भिंतीवरच राहणार आहे, तिची झिजकी नळी तशीच ठेवणे शहाणपणाचे.