गळतीतून उगम: लेसर-प्लाझ्मा क्ष-किरणांची पार्श्वभूमी

24 एप्रिल 1947. अमेरिकेत स्केनेक्टडी इथल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत 70 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनांना नळीत गोल फिरवत वेग देणारं यंत्र (त्वरक), चालू होता. नळीत ठिणग्या उडतात का, हे बघायला एका तंत्रज्ञाला सांगितलं होतं. काँक्रीटच्या भिंतीआडून त्याने आरशात पाहिलं आणि यंत्र बंद करायला सांगितलं. काचेच्या नळीत ठिणगी दिसत होती. ती ठिणगी नव्हतीच, वळणावर इलेक्ट्रॉननी फेकलेला प्रकाश होता तो. त्वरक बांधणाऱ्यांच्या लेखी ही निव्वळ ऊर्जेची गळती. पुढे याच गळतीसाठी, त्यातून मिळणाऱ्या क्ष-किरणांसाठी, अवाढव्य यंत्रं उभी राहिली. इंदूरच्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनचा परीघ 172.5 मीटर आहे.

एवढा पसारा लागतो, कारण त्वरकातल्या, वेग देणाऱ्या धातूच्या पोकळीत विद्युतक्षेत्र फार वाढवलं की खरीच ठिणगी पडते. 1979 मध्ये तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन यांनी वाट काढली: प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू; त्यातले अणू आधीच फुटलेले, त्याचं आणखी काय बिघडणार? त्यात लेसरचा तीव्र स्पंद (क्षणभराचा झोत) सोडला की होडीमागे उठावी तशी लाट उठेल आणि इलेक्ट्रॉन तिच्यावर स्वार होतील. कागदावर सगळं चोख होतं, पण तसा लेसर होता कुठे? तो मार्ग 1985 मध्ये डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी मोकळा केला: स्पंद आधी ताणायचा, मग वाढवायचा, शेवटी दाबायचा. 2018 च्या नोबेलमध्ये दोघांना वाटा मिळाला तो यासाठीच.

2004 मध्ये तीन गटांनी या वाटेने जवळपास एकसारख्या ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचे झोत मिळवले. त्याच वर्षी फ्रान्समधल्या गटाने त्याच प्लाझ्मातून क्ष-किरणांचा झोत काढून दाखवला. लेसर इलेक्ट्रॉनांना बाजूला ढकलतो, मागे धनभारित आयनांचा बुडबुडा उरतो. त्यात सापडलेला इलेक्ट्रॉन पुढे धावताना मध्याकडे ओढला जातो, वेगात पलीकडे निघून जातो, पुन्हा ओढला जातो. प्रकाशाच्या वेगालगतची ही नागमोडी धाव म्हणजेच क्ष-किरणांचा उगम. वेग देणं आणि वळवणं, दोन्ही कामं काही मिलिमीटर वायूत उरकतात. किरण निघतात ते काही मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) ठिपक्यातून, काही फेम्टोसेकंद (सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षावा भाग). त्यामुळे कीटकाच्या मऊ भागांच्या कडाही चित्रात उठून दिसतात.

याला ‘टेबलावरचा सिंक्रोट्रॉन’ म्हणतात, ते जरा सढळ हातानेच. वायूची फवारणी टेबलावर मावते, लेसरला मात्र अख्खी खोली लागते. शिवाय एका स्पंदाचा झोत दुसऱ्यासारखा निघेलच, याचा भरवसा नाही. शांघायच्या गटाने 2021 मध्ये अशा इलेक्ट्रॉनांवर मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर (चुंबकांमधून नागमोडी धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांकडून लेसर प्रकाश काढणारं यंत्र) चालवून दाखवला, तोही 27 नॅनोमीटर तरंगलांबीवर, म्हणजे क्ष-किरणांच्या अलीकडच्या अतिनील टप्प्यातच.