भरती फक्त वर चढत नाही, आडवीही धावते

अमावास्या-पौर्णिमा जवळ आली की बडोद्यातल्या आमच्या मराठी ग्रुपांवर कावी-कंबोईच्या स्तंभेश्वर महादेवाचा व्हिडिओ फिरू लागतो. भरतीत देऊळ बुडतं, ओहोटीला वर येतं, आणि खाली ठरलेली ओळ: ‘विज्ञानाकडे याचं उत्तर नाही.’ उत्तर आहे, आणि ते भरती-ओहोटीच्या कोष्टकात महिनोन्‌महिने आधी छापलेलं असतं. दर्शनाला जरूर जावं, पण विज्ञानाला मूक ठरवू नये. याच खंबातच्या आखातात भावनगरला उधाणाच्या वेळी पाणी १० मीटरहून जास्त चढतं.

एवढं पाणी येतं ते आडवं वाहत येतं. शिडाच्या होडीला धोका असतो तो याच वाहण्याचा. समुद्रात घुसलेलं भूशीर आडवं आलं की पाण्याला वळसा घ्यावा लागतो. तळाशी खडकांचा उंचवटा असेल तर वाट आणखी आखडते आणि प्रवाह वेग घेतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंड बिल या भूशिरापाशी उधाणात हा वेग ७ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी ७ सागरी मैल किंवा सुमारे १३ किलोमीटरपर्यंत जातो. साधी यॉट ५-६ नॉटने चालते. म्हणजे शिडं फुगलेली असूनही ती मागे सरकते.

खरी गंमत वारा प्रवाहाच्या उलट दिशेने असताना सुरू होते. दर ४ सेकंदांनी येणारी लाट घ्या. खोल पाण्यात तिची लांबी २५ मीटर, वेग सुमारे १२ नॉट. समोरून प्रवाह आला तरी एका ठिकाणाहून दर ४ सेकंदांनी एक लाट जायलाच हवी, म्हणून लाटा जवळजवळ येतात, आखूड होतात. आखूड लाट पाण्याच्या मानाने हळू चालते, आणि तिची ऊर्जा तर तिच्याही निम्म्या वेगाने. गणित मांडलं की दिसतं: प्रवाह लाटेच्या मूळ वेगाच्या चौथा हिस्सा, इथे ३ नॉट, झाला की ऊर्जा पुढे सरकूच शकत नाही. २५ मीटरची लाट तेव्हा जेमतेम ६ मीटर लांब उरलेली असते. प्रत्यक्षात त्याआधीच ती उभी राहून फुटते. १० मीटरच्या यॉटचं नाक एका लाटेवरून उतरतं तेच पुढच्या लाटेत घुसतं. वादळाची गरजच नाही, नेहमीचा वारा पुरतो.

म्हणून भूशीर ओलांडायचं ते प्रवाह मंदावलेला असताना. पण पूर्ण भरतीची वेळ म्हणजे पाणी थांबण्याची वेळ, हा समज घातक आहे. दोन्हींत काही तासांचा फरक असू शकतो. ब्रिटिश खलाशी त्यासाठी डोव्हर बंदरातल्या भरतीपासून तासागणिक प्रवाह दाखवणारे नकाशे वापरतात. पोर्टलंडला भोवऱ्यांमुळे दोन्ही बाजूंचं पाणी बाराएक तासांतले बरेच तास दक्षिणेकडे, म्हणजे थेट भूशिराच्या टोकापुढच्या खवळलेल्या पट्ट्याकडेच वाहतं. वारा निवांत, दिवसाउजेड आणि वेळ अचूक असेल तर किनाऱ्याला अगदी लगटून जाता येतं. एकही अट चुकली तर ३ ते ५ सागरी मैल बाहेरून वळसा घालायचा, आणि शक्य असेल तर उधाण सोडून अष्टमीच्या सुमाराची भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती गाठायची.