छोट्या खोलीत बेस मावत नाही? साफ चूक

घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या मित्राला दुकानदाराने सांगितलं की दहा बाय बाराच्या बेडरूमला बुकशेल्फ स्पीकर (फळीवर मावणारे छोटे) कुठलेही घ्या, ४० हर्ट्झची म्हणजे खोल, जाड आवाजाची लाट असते २८ फुटांची, ती खोलीत मावतच नाही मग बेस येणार कुठून. हे मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि खरंच वाईट वाटतं, कारण लोक यावर विश्वास ठेवून पैसे घालवतात.

लाटेची लांबी बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. हेडफोन घाला ना, त्यातला आवाज काढणारा पडदा कानापासून दोन-तीन सेंटीमीटरवर, तरी तबल्याचा डग्गा मस्त घुमतो. कानाला फक्त हवेचा दाब कमी-जास्त झालेला कळतो, त्याला अख्खी लाट लांब पसरायला लागत नाही.

खरी भानगड वेगळीच आहे, समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक सूर अडकतात, दहा फुटांना तो साधारण ५६ हर्ट्झ, म्हणून भिंतीला टेकून बसलं की तो सूर नुसता धबधबतो आणि बरोबर मधोमध बसलं की जवळपास गायबच. मित्राकडे स्पीकर कोपऱ्यातून दीड फूट बाहेर ओढले तर लोखंडी कपाटाच्या दाराची थरथर थांबली आणि डग्ग्याची मींड वेगळी ऐकू यायला लागली, खर्च शून्य!

अशा खोलीला ५ इंची वूफर (स्पीकरमधला बेस काढणारा भाग) माझ्या मते पुरतो. भिंतीला चिकटूनच ठेवायचे असतील तर मागे पोर्ट (डब्याला हवेसाठी ठेवलेलं भोक) असलेले टाळा, पुढे पोर्टवाले किंवा सीलबंद बघा.